पदवीआधीची पूर्वतयारी : चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

बारावीचा निकाल आणि पदवीचा पहिला तास यांच्यामध्ये कागदावर दोन-तीन महिन्यांचेच अंतर असते. प्रत्यक्षातले अंतर त्याहून मोठे असते. विषय अवघड होतो, शिकवण्याची भाषा बदलते, प्रवेश परीक्षा द्यावी लागते, घर सोडून शहरात राहावे लागते आणि हे सारे कागदपत्रांच्या मुदती सांभाळत करावे लागते. हे अंतर भरून काढण्यासाठी जे वर्ग, प्रशिक्षणे आणि अभ्यासक्रम असतात त्यांना पूर्वतयारी अभ्यासक्रम, सेतू अभ्यासक्रम किंवा ब्रिज कोर्स म्हणतात.

ही नावे सैलपणे वापरली जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ब्रिज कोर्स केला की बारावी झाली असे धरतात का? नीट-सीईटीचे मोफत प्रशिक्षण बारावीनंतर मिळते का? क्लासची फी शिष्यवृत्तीतून भागते का? निकालाच्या हंगामात चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील घराघरांत हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात. या तिन्ही प्रश्नांचे थोडक्यात उत्तर 'नाही' असे आहे. 'नाही' का आणि त्याऐवजी काय करावे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

दोन्ही जिल्ह्यांत शिक्षणाच्या सोयी पूर्वीपेक्षा जवळ आल्या आहेत. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोली आणि ब्रह्मपुरीला शासकीय तंत्रनिकेतन आहे, मूल आणि सोनापूरला कृषी महाविद्यालय आहे. जागा जवळ आल्या, पण त्या जागेपर्यंत पोहोचण्याची आणि पोहोचल्यावर टिकण्याची तयारी ज्याची त्यालाच करावी लागते.

आधी आपले अंतर ओळखा

सर्वांना एकच अभ्यासक्रम लागत नाही. फॉर्म भरण्यापूर्वी आपल्याला नेमके काय कमी पडते ते ठरवा. बहुतेकांची अडचण पुढील पाचांपैकी एक किंवा दोन प्रकारांत बसते.

- विषयाचे अंतर : अकरावी-बारावीतले गणित, भौतिकशास्त्र किंवा इंग्रजी कच्चे राहिले आहे. शिक्षक नसल्याने किंवा प्रयोगशाळा बंद असल्याने काही धडे झालेच नाहीत.
- भाषेचे अंतर : दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीत झाले आणि पुढचे इंग्रजीत आहे. भामरागड-एटापल्लीत घरची भाषा माडिया, जिवती-राजुऱ्यात गोंडी किंवा कोलामी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीत बंगाली असू शकते. अशा घरातील विद्यार्थ्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी.
- परीक्षेचे अंतर : विषय येतो, पण वेळ लावून, संगणकावर, बहुपर्यायी प्रश्न सोडवण्याचा सराव नाही.
- पात्रतेचे अंतर : बारावीच झालेली नाही, किंवा आयटीआय झाले आहे, किंवा बारावीत हवा तो विषय नव्हता.
- माहितीचे व राहण्याचे अंतर : घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जात आहे. अर्ज, वसतिगृह, बँक, शहर यांची माहिती देणारे जवळचे कुणी नाही.

अंतर तपासण्याचा सोपा उपाय असा : ज्या परीक्षेला बसायचे आहे तिची मागील वर्षाची एक प्रश्नपत्रिका घ्या आणि घड्याळ लावून सोडवा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा : धडा माहीत नव्हता, प्रश्नाची भाषा कळली नाही, की वेळ पुरला नाही. कोणत्या कारणाची संख्या जास्त भरते त्यावरून पुढचा निर्णय घ्या. भाषा न कळलेल्याने धड्यांची शिकवणी लावली तर पैसे जातात आणि अडचण तशीच राहते.

कोणते पर्याय उपलब्ध आहेत

१. महाविद्यालयातील सेतू वर्ग

प्रवेश घेतल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत महाविद्यालय जे वर्ग घेते ते हे. अभियांत्रिकी व तंत्रशिक्षणाच्या संस्थांत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, सुरुवातीचा तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम ठरवून दिला आहे. बारावीत गणित किंवा भौतिकशास्त्र नसलेल्या पण प्रवेशास पात्र ठरलेल्या विद्यार्थ्यांसाठी ब्रिज कोर्स द्यावा, असेही ही परिषद सांगते. इतर महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'दीक्षारंभ' हा मार्गदर्शक आराखडा आहे. अभ्यासात मागे असलेल्या विद्यार्थ्यांसाठी काय केले, याची माहिती महाविद्यालयांना नॅक मूल्यांकनात द्यावी लागते. म्हणून 'आमच्या विषयाचा ब्रिज कोर्स कधी आहे?' असे प्राचार्यांना किंवा विभागप्रमुखांना विचारण्यात संकोच नको. पाच-दहा विद्यार्थ्यांनी मिळून लेखी मागणी केली तर वर्ग सुरू होण्याची शक्यता वाढते.

२. प्रवेश परीक्षेचे मोफत प्रशिक्षण

- महाज्योती, नागपूर : इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीचे ऑनलाइन प्रशिक्षण. निवड झालेल्यांना टॅब आणि इंटरनेट डेटा मिळतो.
- बार्टी, पुणे : अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी.
- आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, पुणे आणि आदिवासी विकास विभाग : अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी. माहिती प्रकल्प कार्यालयात मिळते. गडचिरोली जिल्ह्यात गडचिरोली, अहेरी आणि भामरागड येथे, तर चंद्रपूर जिल्ह्यात चंद्रपूर आणि चिमूर येथे ही कार्यालये आहेत.
- सारथी, पुणे : मराठा व कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी. कुणबी विद्यार्थी महाज्योतीच्या प्रवर्गातही मोडतात. त्यांनी दोन्हीकडच्या जाहिराती पाहाव्यात.

इथे सर्वांत जास्त चुकते ती वेळ. महाज्योतीचे प्रशिक्षण दोन वर्षांचे असते आणि त्याचा अर्ज दहावी उत्तीर्ण होऊन अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतल्यावर करायचा असतो. बारावीच्या निकालानंतर चौकशीला गेलेल्यांना रिकाम्या हाताने परतावे लागते. घरात दहावीचा विद्यार्थी असेल तर ही नोंद आजच करून ठेवा.

३. आयआयटीचा पूर्वतयारी वर्ग

ही सोय आपल्या भागात फार थोड्यांना माहीत आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग प्रवर्गांसाठी नेहमीच्या गुणवत्ता यादीव्यतिरिक्त पूर्वतयारी अभ्यासक्रमाची वेगळी यादी लागते. या प्रवर्गांच्या जागा रिकाम्या राहिल्या तर आणखी शिथिल केलेल्या निकषांवर काही विद्यार्थ्यांची निवड होते. ते आयआयटीत एक वर्ष भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजीची तयारी करतात. ते वर्ष यशस्वीपणे पूर्ण केले की पुन्हा जेईई न देता पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश मिळतो. यासाठी वेगळा अर्ज नसतो. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड द्यावी लागते आणि मग जोसा प्रवेश प्रक्रियेत पसंतीक्रम भरावा लागतो. म्हणून गुण कमी पडले असे वाटले तरी निकालपत्र नीट वाचल्याशिवाय प्रक्रिया सोडू नका.

४. बारावी नसलेल्यांसाठी

शिक्षण मध्येच सुटलेल्यांसाठी तीन वाटा आहेत.

- राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बारावी देणे.
- राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी करणे. विषय टप्प्याटप्प्याने देता येतात, त्यामुळे शेती किंवा मजुरी सांभाळून शिकणाऱ्यांना ही वाट सोयीची आहे.
- इग्नूचा बॅचलर प्रिपरेटरी प्रोग्राम. १८ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी सहा महिन्यांचा हा अभ्यासक्रम इग्नूच्याच काही पदवी अभ्यासक्रमांचा दरवाजा उघडतो.

तिसरी वाट निवडण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या : प्रिपरेटरी प्रोग्रामला बारावीची समकक्षता नाही. ज्या नोकरभरतीत बारावीचे प्रमाणपत्र स्वतंत्रपणे मागतात तिथे ते चालत नाही. वय आणि वेळ हाताशी असेल तर बारावी करून घेणेच हिताचे आहे.

बारावी झालेली आहे पण गाव सोडणे शक्य नाही, अशांसाठी गोंडवाना विद्यापीठाने 'विद्यापीठ आपल्या गावात' हा उपक्रम सुरू केला आहे. आपल्या भागात असा वर्ग आहे का, हे विद्यापीठाकडे किंवा जवळच्या महाविद्यालयात विचारा.

५. आयटीआय आणि डिप्लोमाकडून पुढे

दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड उत्तीर्ण झालेल्यांना आणि बारावी विज्ञान झालेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झालेल्यांना अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. वर्ष वाचते, पण पहिल्या वर्षाचे गणित राहून जाते आणि नेमके तेच दुसऱ्या वर्षी भोवते. प्रवेश निश्चित झाल्यावर वर्ग सुरू होईपर्यंतचा काळ फक्त गणितासाठी ठेवा. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने २०२१-२२ पासून डिप्लोमासाठी मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक शिक्षणाची सोय केली आहे. संस्था निवडताना ती तिथे आहे का, हे विचारा.

६. सामाजिक संस्था आणि विनामूल्य साधने

घरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना देशातील नामवंत विद्यापीठांपर्यंत नेण्यासाठी विदर्भात एकलव्य इंडिया फाउंडेशन काम करते. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला कसे सामोरे जावे, शिष्यवृत्ती कुठे मिळते, हे अशा संस्थांकडून शिकता येते. सामाजिक शास्त्रे, समाजकार्य, शिक्षण, पत्रकारिता यांकडे कल असणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना त्याचा विशेष उपयोग होतो.

मोबाइलवर मोफत मिळणाऱ्या साधनांत केंद्र सरकारचे 'साथी' पोर्टल प्रवेश परीक्षांच्या सरावासाठी आहे. अभियांत्रिकीची मराठी पुस्तके एआयसीटीईच्या 'ई-कुंभ' पोर्टलवर आहेत. जिथे नेटवर्क मिळत नाही तिथे तालुक्याच्या गावी गेल्यावर धडे उतरवून घ्यावेत आणि घरी पाहावेत.

भाषेचा अडसर कसा दूर करावा

आश्रमशाळेतून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला भाषेचा पहिला धक्का पदवीला नव्हे, अकरावी विज्ञानालाच बसतो. तो तिथेच सावरला नाही तर पुढची चार वर्षे तो सोबत राहतो. इथे प्रवेश परीक्षांचे नियम माहीत असणे उपयोगी पडते. नीट, जेईई मेन आणि सीयूईटी या परीक्षा मराठीतूनही देता येतात. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीत मिळतात. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते. तिथे गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा आहे, म्हणजे २०० पैकी १०० गुण या एका विषयाचे. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने इंग्रजी शब्दांची तयारी गणितापासून सुरू करावी, ती यासाठी.

त्यासाठी एक वही पुरते. पानाचे चार रकाने करा : मराठी शब्द, इंग्रजी शब्द, चिन्ह, आणि येत असलेले एक उदाहरण. दहावीत शिकलेल्या 'रेषेचा चढ' याने सुरुवात केली तर दुसऱ्या रकान्यात 'स्लोप' येईल, तिसऱ्यात 'एम', आणि चौथ्यात दहावीचेच गणित : (१, २) आणि (३, ८) या बिंदूंतून जाणारी रेषा, ८ वजा २ म्हणजे ६, ३ वजा १ म्हणजे २, ६ भागिले २ बरोबर ३. गणित आधीच येत असते. नवीन असतो तो फक्त शब्द. त्याच पानावर संभाव्यता आणि प्रॉबॅबिलिटी, अंकगणित श्रेढी आणि अरिथमेटिक प्रोग्रेशन, समरूपता आणि सिमिलॅरिटी अशा जोड्या चढवत जा. रोज आठ-दहा शब्द झाले तरी एका सुटीत बहुतेक कामाचे शब्द हाताखालून जातात. वर्गात अडखळले की वही उघडा. शिक्षकांनाही ती दाखवा.

माडिया, गोंडी, कोलामी, तेलुगू किंवा बंगाली बोलणाऱ्यांनी पहिल्या रकान्याआधी आपल्या भाषेचा आणखी एक रकाना घातला तर अर्थ लवकर पक्का होतो. समजून घेताना घरच्या भाषेत बोलण्यात काही कमीपणा नाही. दोन मित्रांनी एकमेकांना धडा आपल्या बोलीत समजावून सांगितला तर तो अधिक काळ ध्यानात राहतो.

वेळापत्रक : हंगाम आणि परीक्षा एकत्र पाहा

जंगलपट्टीतील घराचे उत्पन्न ज्या महिन्यांत येते, नेमक्या त्याच महिन्यांत प्रवेशाची कामे असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचणी, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी. घरच्यांशी बोलून वर्षाच्या सुरुवातीलाच कामाची वाटणी केली नाही तर परीक्षेच्या तोंडावर ओढाताण होते.

- अकरावी : मोफत प्रशिक्षणाचा अर्ज. जात पडताळणीचा अर्ज. शब्दांची वही.
- बारावी, दिवाळीपर्यंत : अकरावीची उजळणी. एमएचटी-सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात आणि नीट, जेईईत तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो.
- डिसेंबर ते मार्च : सीईटी, जेईई, नीट, सीयूईटी यांचे अर्ज. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्रात गर्दी असते आणि नेटवर्क जाते. निदान आठ दिवस आधी अर्ज भरा.
- मार्च-एप्रिल : बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर रोज एक सराव प्रश्नपत्रिका. मोह वेचणी पहाटेची असते. अभ्यासासाठी दुपारचे तास राखून ठेवा.
- मे : नीट साधारणपणे मेच्या पहिल्या आठवड्यात असते. तेंदूपत्त्याचे काम तेव्हाच ऐन भरात येते. परीक्षेआधीचे दोन आठवडे विद्यार्थ्याला मोकळे ठेवण्याचे घरच्यांशी ठरवून घ्या. केंद्र दूर असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.
- जून ते ऑगस्ट : निकाल, कागदपत्र तपासणी आणि प्रवेशाच्या फेऱ्या.

शेवटच्या टप्प्यात पावसाचा हिशेब धरावाच लागतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, वीज आणि नेटवर्कही जाते. प्रवेशाच्या फेरीत जागा स्वीकारायला मोजकेच दिवस मिळतात. पुरात अडकल्यामुळे मुदत चुकली हे कारण संगणकीय प्रणालीला कळत नाही. म्हणून भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांतील विद्यार्थ्यांनी फेऱ्यांच्या काळात शक्यतो गडचिरोली, अहेरी, आलापल्ली किंवा चंद्रपूर येथे नातेवाइकांकडे राहावे. ते जमत नसेल तर ऑनलाइन तपासणीचा पर्याय निवडावा आणि पुढे लक्ष ठेवण्यासाठी आपला अर्ज क्रमांक व पासवर्ड पूर्ण विश्वासातल्या एकाच व्यक्तीकडे द्यावा.

कागदपत्रे : निकालाची वाट पाहू नका

- जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जमातींसाठी गडचिरोलीला तपासणी समिती आहे. इतर प्रवर्गांसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा समिती आहे.
- मानीव दिनांकाचा (त्या तारखेपूर्वीची जात व वास्तव्य दाखवणारा) पुरावा : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुना महसुली उतारा असे पुरावे शोधायला महिने लागतात.
- इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्यांसाठी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र. ते प्रवेशाच्या वर्षी वैध असायला हवे.
- उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका.
- शिक्षणात खंड असल्यास त्याचे शपथपत्र.
- आधारशी जोडलेले विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते. आधार, गुणपत्रिका आणि जातीचा दाखला यांवर नाव एकसारखे आहे का, ते पाहा. 'मडावी' एका कागदावर आणि 'मडावि' दुसऱ्यावर, एवढ्या फरकानेही शिष्यवृत्ती अडकते.

दाखल्यांसाठी आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करा आणि पोचपावती घ्या. गडचिरोली जिल्ह्यातील दुर्गम भागात पोलीस ठाण्यांतील 'पोलीस दादालोरा खिडकी'मार्फतही दाखले व योजनांच्या अर्जांसाठी मदत मिळते.

सिरोंच्याकडील अनेक विद्यार्थी शिकायला तेलंगणात जातात. त्यांनी एक नियम लक्षात ठेवावा : महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात. अकरावीला सीमेपलीकडे जाण्याचा निर्णय हे तपासूनच घ्या.

खर्च कसा भागवावा

शिष्यवृत्ती आणि निर्वाह भत्ता मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात प्रवेश घेतल्यावर मिळतो. खासगी क्लासच्या फीसाठी तो मिळत नाही. त्यामुळे पूर्वतयारी शक्यतो मोफत प्रशिक्षणातून करा आणि घरचा पैसा प्रवेश, प्रवास आणि राहण्यासाठी जपून ठेवा.

- मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती व जमातींसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर.
- मुलींसाठी शुल्कमाफी : जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.
- वसतिगृह न मिळाल्यास : अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुणे-नागपूरसारख्या शहरांत शिकणाऱ्यांना वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. लहान शहरांसाठी रक्कम कमी असते.
- प्रवास : एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना सवलत आहे.

आधी वसतिगृहाचा अर्ज करा. तो न केल्यास स्वयंम् किंवा स्वाधारसाठी अडचण येऊ शकते. स्वयंम् योजना आणि 'स्वयम्' नावाचे केंद्र सरकारचे ऑनलाइन शिक्षणाचे पोर्टल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज करताना संकेतस्थळ तपासा.

खासगी क्लास लावायचाच असेल तर

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार सोळा वर्षांखालील विद्यार्थ्याला प्रवेश देऊ नये, गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, मध्येच फी वाढवू नये आणि विद्यार्थ्याने क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. फी भरण्यापूर्वी पुढील गोष्टी करा.

- संपूर्ण फी एकदम भरू नका. हप्ते लेखी ठरवून घ्या.
- पावती, अभ्यासक्रमाचे वेळापत्रक आणि फी परतीचा नियम लेखी मागा.
- फलकावरच्या यशस्वी विद्यार्थ्यांनी तिथे पूर्ण अभ्यासक्रम केला होता की फक्त सराव परीक्षा दिली होती, ते विचारा.
- मूळ गुणपत्रिका किंवा दाखला कुणाच्याही ताब्यात ठेवू नका.
- दोन-तीन तास वर्गात बसून शिकवणे समजते का ते पाहा, मगच निर्णय घ्या.

फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

वारंवार होणाऱ्या चुका

- पूर्वतयारीसाठी हातातली जागा सोडणे. शासकीय महाविद्यालयात चांगली जागा मिळाली असताना 'अजून एक वर्ष तयारी करतो' म्हणून ती सोडण्याआधी दोनदा विचार करा. वर्ष थांबायचेच असेल तर मागच्या वर्षीपेक्षा यंदा नेमके काय वेगळे करणार, ते कागदावर लिहा. लिहिता आले नाही तर प्रवेश घ्या.
- एकच परीक्षा देणे. नीट देणाऱ्याने सीईटीचा पीसीबी गटही द्यावा. कृषी, फार्मसी अशा वाटा त्यातून खुल्या राहतात. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी सीयूईटी द्यावी. वर्ध्याचे हिंदी विद्यापीठ आणि अमरकंटकचे इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ ही केंद्रीय विद्यापीठे आपल्याला फार दूर नाहीत.
- पसंतीक्रम दुसऱ्याकडून भरून घेणे. पहिली पसंती मिळाली की ती जागा निश्चित होते आणि पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. सेवा केंद्रातील माणसाने भरलेली यादी स्वतः वाचल्याशिवाय अर्ज पक्का करू नका.
- प्रमाणपत्रालाच पात्रता समजणे. सेतू वर्गाचे प्रमाणपत्र शिकल्याचा पुरावा आहे. त्याने बारावी, पदवी किंवा सीईटीची जागा भरून निघत नाही.
- दुसऱ्याचा मोबाइल क्रमांक देणे. ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. घरात चालू राहणारा एक क्रमांक ठरवा आणि प्रवेश पूर्ण होईपर्यंत बदलू नका.

हक्क आणि दाद

- दाखले वेळेत मिळणे : महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायला हव्यात. न मिळाल्यास प्रथम अपील, द्वितीय अपील आणि मग आयोग अशी दाद मागता येते. त्यासाठी अर्जाची पोचपावती हवी.
- मूळ कागदपत्रे : तपासून झाल्यावर महाविद्यालयाने ती अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे निर्देश आहेत.
- प्रवेश रद्द केल्यास फी परत : त्याच निर्देशांनुसार प्रवेशाच्या अधिसूचित शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी अर्ज केल्यास किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा करून पूर्ण फी, तारखेआधीच्या १५ दिवसांत आल्यास ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के आणि १६ ते ३० दिवसांत ५० टक्के फी परत मिळते. अर्ज लेखी द्या आणि त्यावर आवक शिक्का घ्या.
- आगाऊ फी : शिष्यवृत्तीस पात्र अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांकडून योजनेत समाविष्ट असलेले शुल्क प्रवेशावेळी मागू नये, असे शासनाचे निर्देश आहेत. मागणी झाल्यास समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयाला लेखी कळवा.
- दिव्यांग विद्यार्थी : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. त्याचा अर्ज परीक्षेच्या फॉर्मसोबतच करा.
- रॅगिंग आणि भेदभाव : रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. जातीवरून, भाषेवरून किंवा गावावरून हिणवले जात असेल तर महाविद्यालयातील रॅगिंगविरोधी समिती आणि समान संधी कक्षाकडे लेखी तक्रार करा. प्रत जवळ ठेवा.

प्रवेशानंतरचे पहिले सहा महिने

पूर्वतयारी प्रवेशाच्या दिवशी संपत नाही. पहिले सत्र हाच तिचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. अभ्यास सोडून घरी परतण्याचा विचार मनात येतो तो बहुधा याच काळात.

- पहिल्याच आठवड्यात महाडीबीटीचा अर्ज भरा आणि महाविद्यालयाने तो पुढे पाठवला का, ते महिन्याने तपासा.
- ग्रंथालयाचे कार्ड काढा. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तक पेढी आहे का, ते विचारा.
- प्रत्येक विषयाच्या एका शिक्षकांना भेटून आपली अडचण सांगा. सेतू वर्ग असेल तर एकही तास चुकवू नका.
- आपल्या तालुक्यातील वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी शोधा. वसतिगृह, खानावळ, जुनी पुस्तके, प्रश्नपत्रिका यांची खरी माहिती त्यांच्याकडे असते.
- पहिल्या चाचणीत गुण कमी आले तर वर्गशिक्षकांकडून उत्तरपत्रिका पाहून घ्या आणि पुन्हा तोच प्रश्न विचारा : विषय, भाषा की वेळ?
- एखादा विषय राहिला तर बहुतेक अभ्यासक्रमांत ठरावीक मर्यादेपर्यंत तो सोबत घेऊन पुढच्या वर्गात जाता येते. विद्यापीठाचा नियम वाचा, फेरपरीक्षेचा अर्ज मुदतीत भरा. एका विषयासाठी शिक्षण सोडण्याची गरज नसते.

पालकांनीही या सहा महिन्यांत एक काम करावे. रोवणी, कापणी किंवा घरचे कार्य यासाठी मुलाला-मुलीला बोलावण्यापूर्वी परीक्षेचे वेळापत्रक विचारून घ्यावे. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसणे अडू शकते आणि शिष्यवृत्तीचा हप्ताही थांबू शकतो. पहिले सत्र हजेरी आणि निकालासह पार पडले की विद्यार्थी कॉलेजच्या रीतीभातीत रुळतो आणि पुढच्या सत्रांची तयारी तो स्वतःच आखू लागतो.